सुतकात राहिलेलं प्रकरण

आमच्या घरात माणसं तीन आणि तट दोन. आई आणि मी वाचणाऱ्या, आबा न वाचणारे. आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथ मशीनसमोर उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं, आणि बसायची सवय त्यांना लागली नाही ती नाहीच. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. पेपरही मागच्या पानाकडून सुरू व्हायचा. कुस्त्या, मयताच्या बातम्या, उसाचा दर, झालं. रिटायर झाल्यावर तरी टेकतील असं आईला वाटलं होतं. तर ते गल्लीत कुणाचा नळ गळतोय, कुणाची मोटर पाणी ओढत नाही, म्हणून पाना घेऊन हिंडायला लागले.

नोकरीमुळे आणि इतर काही कारणांमुळे लग्नानंतर काही वर्षांनी मी पुन्हा ह्याच घरात राहायला आले. इतर कारणं इथं सांगण्यासारखी नाहीत. आले तेव्हा दोन पिशव्या कपड्यांच्या होत्या आणि बाकी पुस्तकं. आबांनी रिक्षातून सामान उतरवताना कपड्यांच्या पिशव्या उचलल्या आणि पुस्तकांची खोकी तशीच ठेवली. ती मी ओढत आत नेली. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

वाचणाऱ्या माणसांना एक माज असतो. माझ्यात तो भरपूर होता. न वाचणाऱ्यांविषयी माझं मत ठरलेलं होतं. ह्यांना दुसऱ्याच्या आयुष्यात काय चाललंय त्याची उत्सुकता नाही, स्वतःच्या पलीकडे ह्यांना काही दिसत नाही, आणि वेळ नाही म्हणतात ती शुद्ध थाप. ऑफिसात चहाच्या वेळी मी हे मत मोठ्याने मांडायची. नंतर त्या वेळी माझ्या टेबलाकडे कुणी फिरकेनासंच झालं, तेव्हा मी पुस्तक काढून वाचत बसायची.

आईचं वाचन म्हणजे नुसती चैन. दुपारी भांडी झाली की कॉटवर आडवी, उशाला वाटीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा, हात ओले असले तर पदराला पुसून. पेठेतल्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं यायची. खूण म्हणून डोक्यातली पिन, काडेपेटीची काडी, कधी कढीपत्त्याचं पान. आवडलं नाही तर शंभर पानांवर सोडून द्यायची. "लई रडतीया बाई," म्हणून परत. मी तिच्याच तालमीत वाढले, पण एक खोड माझी स्वतःची. मी शेवटचं पान आधी वाचते. काय होणार ते कळल्याशिवाय मला मधलं सुखाने वाचता येत नाही. आईला हे अजिबात खपायचं नाही. "तुझ्यासारखीच्या हातात पुस्तक द्याचंच न्हाय," म्हणायची, आणि मी तोंड उघडायच्या आत कानांवर हात ठेवायची.

आबा आमच्या ह्या प्रकारात कधी आले नाहीत. कॉटवर पुस्तक पडलेलं असलं तर ते बाजूला सरकवायचे नाहीत, खुर्चीवर असलं तर खुर्ची सोडून द्यायचे. पुस्तकाला त्यांचा हात लागलेला मी बघितलाच नव्हता. मला वाटायचं, ही तुच्छता आहे.

मग आईला झटका आला. सकाळी कपडे वाळत घालताना हातातला ओला टॉवेल सुटला आणि ती भिंतीला धरून खाली बसली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवा हात-पाय अर्धा गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि बोलणं एकेका शब्दावर आलेलं. तरी माणूस ओळखत होती, सगळं समजत होतं, हसत होती. आम्ही म्हटलं, निभावलं.

चारएक दिवसांनी तिने खुणेने चष्मा मागितला. आजारी पडायच्या आधी एक जाडजूड कादंबरी तिची निम्मी झाली होती, ती मी तिच्या डाव्या हातात दिली. तिने पान बघितलं. पान उलटलं. पुन्हा मागे आली. चष्मा काढून पुसून दे म्हणाली, मी पुसून दिला. परत बघितलं आणि मला म्हणाली, "कानडी."

मला कळेना. मी पुस्तक बघितलं. मराठीच होतं.

"कानडी हाय," आई म्हणाली. निपाणी-बेळगावकडून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या स्टँडवर आपण बघतो, अक्षरं गोल गोल दिसतात, चांगली दिसतात, पण आत काही उतरत नाही. तिला आता तिचंच पुस्तक तसं दिसत होतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, होतं असं, वाचणं जातं, येईल किंवा येणारही नाही. एवढं सोपं वाक्य. मी जिन्यात उभी राहून रडले. हात-पाय गेल्याचं मी इतकं मनाला लावून घेतलं नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी स्वतःच वाचून दाखवायला बसले. तीन-चार पानं झाली असतील, आईने तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी म्हटलं, "आवाज मोठा करू का?"

"नको," ती म्हणाली. मग डाव्या हाताने दाराकडे बोट केलं. दारात आबा पाना हातात धरून उभे होते. "ह्यांनी."

मी हसलेच. मग आतून चांगलंच लागलं. घरातली दुसरी वाचणारी मी, आणि हिला वाचून दाखवायला पाहिजे कोण, तर ज्याने उभ्या जन्मात पुस्तक उघडलं नाही तो माणूस. मला वाटलं, झटक्याने तिच्या डोक्यातही काही सरकलंय.

आबा म्हणाले, "मला कुठं येतंय गं. सातवी शिकलोय मी." आई नुसती बघत राहिली. आबा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तर आबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घालून आले. आईच्या कॉटशेजारी पाट मांडला. समोर देवघरातला लाकडी चौरंग आणला, त्यावर धुतलेला टॉवेल अंथरला आणि त्यावर ती वाचनालयाची कादंबरी ठेवली. कव्हरवर एक जास्वंदीचं फूल. मग पुस्तकाला हात जोडून त्यांनी पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य वाचलं, आणि मी डबा तसाच ठेवून बाहेर आले. पोथीचा सूर होता तो. प्रत्येक वाक्य वर चढवायचं, शेवटी लांबवत खाली आणायचं आणि थांबायचं. कादंबरीतली बाई घाटातल्या तिच्या हॉटेलात भजी तळते आहे, गिऱ्हाईक उधारी बुडवून निघालंय, आणि आबा हे सगळं अशा सुरात सांगतायत की आता देव प्रसन्न होणार. आईच्या अर्ध्या तोंडावर जे हसू आलं, तसं दवाखान्यातून आल्यापासून आलं नव्हतं.

त्यांना प्रकरण अर्धं सोडता यायचं नाही. फोन वाजला, वाजू दे. दूध उतू गेलं, जाऊ दे. आईला झोप लागली तरी ते शेवटच्या ओळीपर्यंत जायचे, पुस्तक मिटायचे, कपाळाला लावायचे आणि मगच उठायचे. एकदा खाली कुणीतरी नळाचा कॉक तुटला म्हणून ओरडत आलं. मी म्हटलं, "आबा, उठा की, राहिलेलं उद्या वाचा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली जाऊन थांबा म्हणून सांगितलं. प्रकरण संपल्यावर म्हणाले, "मधनं उठायचं नसतंय."

"कोण म्हणतं?"

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. कागलजवळच्या त्यांच्या गावात, त्यांच्या घरी, एकच पुस्तक. लाल फडक्यात बांधलेली पोथी. श्रावणात त्यांचे चुलते ती लावायचे. पोरांनी मांडी घालून बसायचं, अध्याय सुटेपर्यंत उठायचं नाही, पारोशा हाताने शिवायचं नाही. आबा सहा-सात वर्षांचे असतील. तहान लागली म्हणून अध्यायाच्या मध्येच उठले आणि पाणी पिऊन आले. त्याच आठवड्यात गोठ्यातली म्हैस दगावली. चुलते सगळ्या भावकीसमोर म्हणाले, ह्यानं पोथी मोडली.

"म्हशीला काय झालंतं?" मी विचारलं.

"काय की. पोट फुगलंतं." मग म्हणाले, "तवापास्नं शाळंबाहिर म्या पुस्तकाच्या नादाला लागलो न्हाय. हातात घिटलं की पुरं कराय पायजे. निभंल का न्हाय कुणाला ठावं. तुमी दोघी झोपून वाचताय, खाईत वाचताय, निम्म्यात सोडताय. मला बघवत न्हवतं."

मी सगळी वर्षं जिला तुच्छता समजत होते ती धास्ती होती. आम्ही पुस्तकं वाटेल तशी टाकायचो कारण आम्हाला ती सोबतीण वाटायची. आबांना ती देव्हाऱ्यातली वस्तू वाटायची, आणि देव्हाऱ्यात उगाच कोण हात घालतं? ऑफिसातल्या माझ्या त्या भाषणात ह्या माणसाला कुठंच जागा नव्हती. माझे स्वतःचे वडील, आणि मी त्यांना एकदाही नीट विचारलं नव्हतं. विचारलं ते नेहमी टोमणा म्हणून.

ते दोन-अडीच महिने चांगले गेले. असं म्हणताना मला अजून अवघडल्यासारखं होतं, कारण आईचा हात सुधारला नाही, पाय सुधारला नाही, आणि रात्री ती अंथरूण ओलं करायची तेव्हा लाजून डोळे मिटून घ्यायची. पण रोज सकाळी एक प्रकरण असायचं, आणि वाचनालयात मी मुदत वाढवून घेत होते. कादंबरीतल्या हॉटेलवाल्या बाईची धाकटी बहीण भांडून घरातून निघून गेली होती, आणि ती परत येते का नाही ह्यावर सगळं पुस्तक तोललेलं. आबा त्यात पुरते अडकले. जेवताना मध्येच म्हणायचे, "भन याय पायजे राव ती." आई मान हलवायची. मला ठाऊक होतं, ती येते. पुस्तक घरात आलं त्याच दिवशी मी शेवटचं पान बघितलं होतं. मी तोंड दाबून बसले. एवढं मौन मी कधी पाळलं नव्हतं.

शेवटचं प्रकरण राहिलं त्या दिवशी आबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "समाप्ती पुनवंला."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण समाप्ती अशी उरकायची नसते, म्हणाले. शिऱ्याचा प्रसाद पाहिजे, नारळ पाहिजे, शेजारच्या चार बायकांना ऐकायला बोलवायचं. मी म्हटलं, "पत्रिका छापूया का?" तर म्हणाले, "तोंडानं सांगितलं तरी चालतंय." आणि खरंच पाना घेऊन हिंडताना चार घरी सांगून आले. कादंबरीच्या समाप्तीचं आमंत्रण अख्ख्या कोल्हापुरात आमच्याच गल्लीत फिरलं असेल. मी मनात म्हटलं, फिरू दे.

पुनवेच्या आधीच गावाकडून फोन आला. आबांचा चुलतभाऊ गेला. आबा मातीला जाऊन आले, दारातच पाणी घेतलं आणि आत येऊन म्हणाले, "सुतक हाय. दहा दिस पोथी न्हाय."

मी भडकले. त्यांना म्हटलं, ही पोथी नाही, छापखान्यातून आलेली कादंबरी आहे, ह्यात एक बाई भजी तळते, हिला कसलं सुतक? रोज वाट बघत पडलेल्या बाईला तुम्ही एका प्रकरणासाठी दहा दिवस टांगून ठेवणार? आबांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "एकदा मोडून बघिटलंय मी."

रक्षाविसर्जनासाठी ते गावी गेले त्या सकाळी मी रजा काढली होती. देवघराशेजारच्या फळीवरून पुस्तक काढलं आणि आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मी वाचते. आबांना सांगायला नको. ते आल्यावर पुन्हा ऐकशील, पहिल्यांदा ऐकल्यासारखं कर." आईने चांगला हात पुस्तकावर ठेवला. मला वाटलं, उघड म्हणतेय. तिने ते दाबून धरलं होतं.

"नको," ती म्हणाली.

"का? बहीण येते का नाही ते कळायला नको?"

तिने बराच वेळ शब्द जुळवले. तोंडाच्या कडेने लाळ आली ती मी पुसली. "संपलं की…" ती म्हणाली, आणि थांबली. "संपलं की उठत्यात हे."

मला आधी ते प्रकरणाविषयी वाटलं. मग समजलं. संसाराच्या एवढ्या वर्षांत हा माणूस तिच्याजवळ बसला नव्हता. जेवून उठला, चहा पिऊन उठला, पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात दारातूनच बघून गेला. आणि आता रोज सकाळी तासभर तिच्या कॉटशेजारी मांडी घालून बसत होता, कारण पुस्तकाने त्याला धरून ठेवलं होतं. तिने माझ्याऐवजी त्यांना का निवडलं ते मला त्या सकाळी कळलं. तिला बहिणीची घाई नव्हती. सुतक तिच्या पथ्यावरच पडलं होतं. मी पुस्तक जागच्या जागी ठेवलं. आबांना ह्यातलं काही सांगितलं नाही. नवरा-बायकोतली गोष्ट, तीच सांगेल कधीतरी, असं वाटलं.

सुतक फिटायच्या आतच आईला दुसरा झटका आला. ह्यावेळी दवाखान्यात नेईपर्यंतही थांबली नाही.

मग आमचंच सुतक. माणसं आली, गेली. समाप्तीला यायच्या होत्या त्या चारही बायका आल्या, त्यांतली एक पिठलं-भाकरी करून ठेवून गेली. आबा सगळ्यांशी उभ्यानेच बोलत होते. उत्तरकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि मग ते पाटावर जाऊन बसायला लागले. चौरंग नाही, पुस्तक नाही. तिच्या रिकाम्या कॉटशेजारी नुसता पाट. तास होऊन गेला तरी उठायचे नाहीत. गल्लीतून नळासाठी हाका आल्या तरी नाही. जेवण ताटात गार व्हायचं.

मी म्हटलं, "आबा, पुस्तक वाचनालयात परत द्यायचंय. शेवटचं प्रकरण वाचायचं का आपण?"

"दिऊन टाक," ते म्हणाले.

"बहीण येते का नाही ते ऐकायचं नाही?"

"तिला कळलं न्हाय ते मला कशाला?" मग भिंतीकडे बघत म्हणाले, "एक दिस मागं-पुढं केलं आसतं तर काय बिघडलं आसतं? तू म्हणालीवतीस. मीच ऐकलं न्हाय. ताटकळत गेली बिचारी."

मग मी सांगितलं. ते गावी गेले होते त्या सकाळी काय झालं ते सगळं सांगितलं. मी पुस्तक घेऊन बसले, तिने हात ठेवून दाबून धरलं, नको म्हणाली, आणि का नको म्हणाली तेही. तिचे शब्द होते तसे सांगितले. "ती ताटकळली नव्हती आबा. तिला संपायलाच नको होतं. तुम्ही बसावं म्हणून."

आबांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, पोचलं.

"कोण हुतं तवा?" त्यांनी विचारलं.

"मी एकटीच."

त्यांनी मान हलवली. रागावले नव्हते. उलट इतक्या मायेने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, लेथवर घट्टे पडलेला तो जड हात, आणि म्हणाले, "लई वाचतीस तू. आसं पुस्तकात आसतंय, बाळ."